आजचा चहा माझ्याकडून

त्यांच्या ऑफिसात एक रीत होती. कोणी कॉम्प्युटर लॉक न करता जागेवरून उठलं, की शेजारच्याने त्याच्या नावाने लिहून टाकायचं, "आजचा चहा माझ्याकडून." विसरायची खोड तिला आणि लिहायची तिच्या नवऱ्याला. दोघं एकाच टीममध्ये कोड लिहायचे. तो वारला, तशी ती घरूनच काम करू लागली.

त्या दुपारी दूध उतू जाईल म्हणून ती धावली. परत आली, तर तिच्या कोडखाली ओळ होती, "आजचा चहा माझ्याकडून."

दाराला आतून कडी होती.

मेला हॅकर, असं पुटपुटत तिने इंटरनेटची वायर उपटली, पासवर्ड बदलला आणि स्क्रीन लॉक केला. पासवर्ड सख्ख्या नवऱ्यालाही सांगायचा नाही, हे त्याचंच वाक्य.

मग तिने निमूटपणे दोन कप चहा केला. एक त्याच्या खुर्चीपुढे ठेवला.

"आता उघडून दाखव," ती लाडाने म्हणाली, आणि कीबोर्ड उचलून तिने स्वतःच्या मांडीवर घेतला.

पासवर्डच्या चौकटीत एक ठिपका उमटला. मग दुसरा. तो दोन बोटांनी टाइप करायचा, तसे सावकाश, अडखळत ठिपके येत गेले आणि थांबले.

शेवटचं अक्षर राहिलं होतं.

ती वाट बघत राहिली. चहा निवत चालला होता. शेवटी न राहवून ती खुर्चीकडे झुकली आणि कानात सांगावं तसं ते अक्षर तिने सांगून टाकलं.