उन्हात न घालायचा खडा

‘मॅडम, अभी हरा है,’ खड्यांचा व्यापारी सेठ म्हणाला आणि अश्लेषाने खडा दिव्याखाली धरून पाहिला.

पंधरा दिवसांपूर्वी सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या त्याच्या दुकानात रंग परत आणायला दिला, तेव्हा तिच्या लॉकेटातला हा खडा पाण्यासारखा पांढरा होता. आता बघावं तर कैरीसारखा हिरवागार. आणि उद्या सकाळी दहाच्या विमानाने बाबा येणार होते.

‘घबराइए मत. रेडिएशन के बाद पहले हरा ही होता है. कल सुबह दो घंटे धूप में रखिए. हरा उतर जाएगा, गुलाबी रह जाएगा. फिर तुरंत डिब्बी में.’

‘और नहीं हुआ तो?’

‘होगा, मॅडम,’ म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. होगा म्हणायला त्याचं काय जात होतं!

तिच्या बाबांनी, निशिकांतरावांनी, उभी हयात भूगर्भ खात्यात काढली. ग्रॅनाइटच्या टेकड्या पालथ्या घातल्या. अशा टेकडीच्या पोटात एखादी पेग्माटाइटची शीर असते. तिथे स्फटिक चांगले हात-हातभर वाढतात, आणि नशिबात असेल तर एखादं रत्नही निघतं. बाबांच्या नशिबात एकच होतं. तीस वर्षांत एक गुलाबी कुंझाइट, खाणमालकाने हौसेने त्यांच्या हातावर ठेवलेला. अश्लेषा नोकरीसाठी सिंगापूरला निघाली, तेव्हा त्यांनी त्याला पैलू पाडून घेतले आणि लॉकेटात बसवून तिला दिला.

लाडाचा शब्द या माणसाच्या तोंडून कधी निघाला असेल तर शपथ. विमानतळावरही म्हणाले ते एवढंच, ‘उन्हात घालू नकोस. या खड्याचा रंग उडतो. डबीत ठेव.’

‘हो बाबा,’ ती म्हणाली होती आणि विमान उडायच्या आत तो गळ्यात घातला होता.

त्याला अकरा वर्षं झाली. तुआसच्या बंदरात भर दुपारी क्रेनखाली उभं राहायची तिची नोकरी. डोक्याला हेल्मेट, पायात जाडजूड बूट आणि गळ्याशी तो खडा. मुलीच्या, आर्याच्या, जन्माच्या वेळी नर्सने तो काढायला लावला, तेव्हा तिने तो मुठीत धरून ठेवला होता. परक्या मुलखात बाबांच्या हातची एवढी एकच वस्तू, ती कपाटात कशी कोंडून ठेवायची? रंग रोज कणाकणाने उतरत गेला आणि रोज बघणाऱ्या डोळ्यांना तो कळलाच नाही.

बाबांनी तिकीट काढलं आणि फोनवर विचारलं, ‘खड्याला रंग आहे का अजून?’ त्या दिवशी तिने आरशात नीट पाहिलं, तर खडा पांढराफटक. पुढच्या फोनवर पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या फोनला तर आर्याची चौकशी करायच्याही आधी. ‘आल्यावर बघा की,’ असं म्हणून तिने वेळ मारून नेली. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. बाबांनी आयुष्यात एक गोष्ट सांभाळायला दिली होती आणि तिने तिची माती केली होती.

सकाळी सातलाच तिने खडा खिडकीत ठेवला. त्यांच्या पासिर रिस भागावर नेमके ढग आले होते. आठ वाजता हिरवा. नऊ वाजता हिरवाच. अंकुर सासऱ्यांना आणायला विमानतळावर गेला. अश्लेषाने पोह्यांत मीठ दोनदा घातलं.

‘मम्मा, यू वेअर इट एव्हरी डे, व्हॉट,’ सात वर्षांची आर्या तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. ‘व्हाय कान्ट टेल आजोबा?’

‘कारण त्यांना वाईट वाटेल. तू फक्त गप्प बसायचं. प्रॉमिस?’

‘ओके लाह.’

साडेनऊला ऊन पडलं. अकराला खडा गढूळ दिसायला लागला, ना धड हिरवा, ना धड पांढरा. अश्लेषाला रडू फुटायचं बाकी होतं. आणि मग बघता बघता त्यात गुलाबी रंग चढत गेला, अगदी अकरा वर्षांपूर्वीचा. तिने तो घाईघाईने लॉकेटात बसवला, जुन्या डबीत ठेवला आणि झाकण लावलं. तेवढ्यात बेल वाजली.

बाबा वाळले होते. सोफ्यावर बसले, पाणी प्यायले, पोह्यांचे दोन घास खाल्ले. खारट झालेत असंही म्हणाले नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं.

‘तो खडा आण,’ ते म्हणाले.

तिने डबी पुढे केली. बाबांनी शर्टाच्या खिशातून भिंग काढलं आणि उठून खिडकीशी गेले. अंकुर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला. आर्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

बाबा बराच वेळ बघत राहिले.

‘आतली केसासारखी रेघ दिसतेय,’ ते अखेर म्हणाले. ‘आपलाच आहे. रंगही जसाच्या तसा आहे.’

‘तुम्ही सांगितलं होतं ना, बाबा. डबीतच ठेवला होता.’ अश्लेषाला हायसं वाटलं. सेठच्या तोंडात साखर पडो, असं तिच्या मनात आलं.

बाबांनी मान डोलावली. भिंग खिशात ठेवायला गेले, ते आधी खिशाबाहेरच घसरलं. मग त्यांनी खडा डबीत ठेवला आणि सावकाश झाकण लावलं.

‘मी आपला विमानात मनाशी हसत म्हणत होतो, कार्टीने माझं कधी ऐकलंय! घालून घालून पार पांढरा करून टाकला असेल.’ त्यांनी डबी तिच्या हातात दिली. ‘एकदासुद्धा नाही घातलास, होय गं?’