मळ्याचा राखणदार

“परक्या जमिनीत राबायचं तर राखणदाराला नारळ हवा गो!” सासूबाईंनी बजावलं तेव्हा मी हसले. फ्रान्समधल्या बोर्दोच्या द्राक्षमळ्यात कसला जमीन राखणारा देव? तरी त्यांनी नवऱ्याच्या बॅगेत नारळ कोंबलाच. काल तो नामांकित मळा नवऱ्याच्या कंपनीच्या ताब्यात जायचा होता. पण चार पिढ्या वाईन करणाऱ्या घराण्यातला म्हातारा तळघराची किल्ली सोडेना. “वर गेल्यावर आजोबांना काय सांगू?” म्हणत वेलीपाशी बसून राहिला. शेवटी नवऱ्याने व्हिडिओ कॉल लावला, वेलीखाली नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, “बा राखणदारा, मालक बदलतोय. चुकलंमाकलं पोटात घे, म्हाताऱ्याला सांभाळ!” इकडे गावी, भाट्यातून आम्ही रिवाजाप्रमाणे ओरडलो, “व्हय म्हाराजा!” कडेवरची चिमीसुद्धा! अर्थ कळल्यावर म्हाताऱ्याने टोपी काढली, “व्हय म्हाराजा” म्हणाला आणि किल्ली दिली! नवरा परततोय, म्हातारा एकटाच. तुमच्यापैकी कुणी बोर्दोकडे असेल, तर तो जेवतो का, बघाल?