वळणावरची शिट्टी

लेकीने हौसेने जुन्या वाफेच्या गाडीच्या रविवारच्या सहलीची तिकिटं काढली. बाबांनी उभी हयात हेच इंजिन चालवलं होतं. नदीच्या वळणावर लांबलचक शिट्टी वाजली, तशी डब्यातली मुलं खिदळली. बाबांनी मात्र दोन्ही कान गच्च दाबून धरले.

"अहो बाबा, तुमचीच तर शिट्टी ही!"

"इथे रुळांलगतच्या घरात एक चिमुरडी राहायची. रोज तिच्यासाठी वाजवायचो. ती हात हलवायची."

"किती गोड! मग?"

"एकदा रुळांवरच खेळत होती. ब्रेक मारला, पण भरली गाडी जागच्या जागी थांबते का गं? जीव खाऊन शिट्टी वाजवत राहिलो."

"पळाली ना ती?"

"नाही गं. रोजच्यासारखी हात हलवत उभी राहिली."