मूठ तिच्याकडं

नवरा जोतीराम वारल्यावर सुरीला धार लावायचं काम वैजयंतीवर आलं. सोलापुरातल्या या स्वयंपाकघरात तो लाकडाच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळून पातं निवांत घासायचा. सुरी हातात दिली की भांडण होतं, म्हणून ती ओट्यावर ठेवायचा, मूठ बायकोकडं करून.

आज तिनं धार लावून सुरी ओट्यावर टाकली, कांदे घेऊन वळली, तर मूठ तिच्याकडं फिरलेली. नेहमीसारखीच.

तिला राग आला, रडूही आलं. ओट्याकडं पाठ करून तिनं हात मागं पसरला.

“अवो, एकदा तरी हातात द्या की. भांडण झालं तर हुंदे!”

मूठ अलगद तळहातावर टेकली. तिनं घट्ट धरली, पण पलीकडून सुरी सुटेना.