यंदाचं पुस्तक

रिसोडच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधता बांधता नानीबाई धाकट्या निताचं वाचन घ्यायची. लेकीकडे पाठ, हात मेथीत, तरी एखादा शब्द सुटला की लगेच आवाज यायचा, "थांब. ‘हळूच’ खाल्लं तुनं. पुन्हा वाच." निता पुस्तकात पाहायची, तर ‘हळूच’ तिथं असायचाच. पहिलीच्या वर्गात निताइतकं बिनचूक कोणी वाचत नसे.

दुसरीचं पुस्तक हाती आलं, तशी नानीबाई ते घेऊन शाळेत आली.

"मॅडम, यंदा पुस्तक बदललं म्हन्ते निता."

"हो, सगळे धडे नवे आहेत."

"मंग मले एक डाव सारं वाचून दाखवा."

मॅडम हसल्या. "तुम्हाला? अहो, घरी तिचं वाचन तुम्हीच तर घेता!"

"थे जुनं पुस्तक मोठ्या पोरीनं वाचलं तवा आयकलं होतं, म्हून जमलं. मले अक्षर कुठं येते?"

नानीबाई खाली बसली आणि तिनं डोळे मिटले. मॅडमनी पुस्तक उघडलं आणि परीक्षेला बसल्यासारखं एकेक शब्द जपून वाचायला सुरुवात केली.