ओट्सचा डबा

सून सांगितल्या वेळेच्या तासभर आधी आली, मुद्दामच. सासूबाई ओव्हनच्या काचेतून आत बघत होत्या. घरभर दालचिनीचा आणि शिजलेल्या आलुबुखारांचा वास सुटला होता. पाच वर्षांची भिंगरी चपला न काढताच आत पळाली आणि आजीच्या कमरेला चिकटली.

"लवकर आलात," सासूबाई म्हणाल्या.

"बस पटकन मिळाली," सून म्हणाली. कसली पटकन. तयार होऊन ती दुपारपासून दाराशी बसली होती.

मागच्या वर्षी याच ओट्याशी आजीनं नातीला बदामाचा इतकुसा तुकडा भरवला होता. थोडं थोडं खाल्लं की अंगवळणी पडतं, ही त्यांची डॉक्टरकी. पोरीचा श्वास अडकला, आणि काय खाल्लं म्हणून विचारल्यावर आजी आधी 'काही नाही' म्हणाल्या. खरं बोलायला त्यांना दहा मिनिटं लागली. पोर वाचली. सुनेनं तेव्हाच कानाला खडा लावला, पुन्हा म्हणून पोरीला इथं एकटं सोडायचं नाही. आज वर्षानं भिंगरी आजीच्या हातचं खाणार होती. म्हणजे, आईनं खाऊ दिलं तर.

"पीठ कुठलं घेतलंत?"

"गव्हाचं. परवाच आणलं."

"लोणी?"

"तू सांगितलंस तेच."

"आणि ओट्स?"

"तेही तू सांगितलेलेच. फोनवर दोनदा लिहून घेतलं की."

"पाकीट बघू."

"पाकिटं कधी ठेवली आहेत मी?"

हे मात्र खरं. पिशवी घरात आली की आधी सगळं डब्यात, मग घोटभर पाणी, असा सासूबाईंचा तीस वर्षांचा शिरस्ता. फळीवर सारख्या मापाचे, सारख्या चकचकीत स्टीलचे डबे, एकावरही नाव नाही. कशात काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक, आणि मधूनमधून त्यांनाही नाही.

सुनेच्या मनात पाल चुकचुकली. तिनं बाह्या वर केल्या आणि कचऱ्याच्या बादलीत हात घातला. सफरचंदाच्या साली, आलुबुखारांच्या बिया, आणि तळाशी चोळामोळा झालेलं पाकीट. ते तिनं ओट्यावर पसरलं, पुसलं, बारीक अक्षर उजेडात धरून वाचलं. शेंगदाणे नाहीत, बदाम नाहीत, त्या कारखान्यात सुकामेवा येतच नाही असंही छापलेलं होतं.

"झालं समाधान?" सासूबाई म्हणाल्या. "आता मलाही उलटी करून झटक एकदा."

सुनेला हायसं वाटलं होतं आणि हायसं वाटल्याचा रागही आला होता.

ओव्हनची घंटी वाजली. सासूबाईंनी ट्रे बाहेर काढला. वरचा चुरा खरपूस झाला होता आणि कडांनी फळांचा लाल रस अजून बुडबुडत होता. भिंगरीनं ओट्याच्या कडेवर हनुवटी टेकली.

"निवू दे," आजी म्हणाल्या. "गरम कापल्या तर वड्या होत नाहीत, भुगा होतो."

"किती वेळ?"

"तू गप्प बसशील तेवढा."

भिंगरी गप्प बसली. आई मात्र बसली नाही. तिनं फळीवरून एकेक डबा काढून उघडायला सुरुवात केली. साखर. रवा. तिसऱ्यात ओट्स निघाले. तिनं नाक आत घालून वास घेतला. वास कसलाच नव्हता.

"आई, या डब्यात आधी काय होतं?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"रिकामा होता."

"त्याच्या आधी?"

सासूबाईंनी सुरी घेतली, ट्रेच्या कोपऱ्यातली एक वडी कापली आणि उचलली. छान सुटली, चुरा जरासुद्धा ढासळला नाही. भिंगरीनं हात पुढे केला. सुनेनं लेकीचं मनगट पकडायला हात उचलला, पण त्याआधीच आजीनं वडी मागे घेतली होती.

"नको गं राणी."

"का?"

सासूबाई नातीशी नाही, सुनेशी बोलल्या. "यातल्या एका डब्यात बदाम असायचे. तुमचं ते सगळं झाल्यावर मी बदाम देऊन टाकले. डबा गरम पाण्यानं घासला. पण तो हाच, की शेजारचा, मला नाही आठवत. आणि घासून सगळं जातं का, तेही मला माहीत नाही."

त्यांनी वडी ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे उचलून कपाटावर, सगळ्यात उंच ठेवला. भिंगरीनं भोकाड पसरलं. आजीनं तिला उगी केलं नाही.

"रड," त्या म्हणाल्या. "सकाळपासून राबून मलाही तेच करावंसं वाटतंय."

वर्षभर सुनेनं या बाईचं खोटं पकडायची तयारी केली होती. हे ऐकायची केली नव्हती.

मग तिनं पर्स उघडली.

"कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे ओट्स आणते. डबाही नवाच आणते. अर्धा तास लागेल."

"बरं. हिलाही घेऊन जा."

"ही इथंच राहील."

सासूबाईंनी मान वर केली. सुनेनं पर्समधून जाड पेनासारखं इंजेक्शन काढलं.

"ओठ सुजले, धाप लागली, की मला फोन करत बसायचं नाही. आधी हे. झाकण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या अंगाला कपड्यावरूनच जोरात दाबायचं, दहापर्यंत धरून ठेवायचं. मग ॲम्ब्युलन्स. जमेल?"

"जमेल."

सुनेनं ते पुढे केलं. सासूबाईंनी लगेच घेतलं नाही. त्यांनी नळ सोडला, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, कोरडे पुसले आणि मग दोन्ही हात पुढे केले.