जप्त केलेलं पुस्तक

"खरीखुरी आग, खरीखुरी माणसं! पोरं धसका घेतील की!" ग्रंथपालबाईंना झापून मोठ्या बाईंनी चौथीच्या वर्गातून जुन्या नाट्यगृहाच्या आगीवरचं पुस्तक उचललं, थेट आपल्या ऑफिसातल्या कपाटात कोंबलं आणि तणतणत ऑफिसचं दार धाडकन लावून घेतलं. ते मुलखाचं आडमुठं दार जे बसलं ते बसलंच. बाईंनी आतून ओढलं, शिपाईमामांनी बाहेरून खांदा लावला, पण दार ढिम्म हलेना. बाई आतून दार बडवू लागल्या.

"कुणीतरी काहीतरी करा रे!"

बाहेरून चौथीतल्या एका मुलीचा शांत आवाज आला. "बाई, आरडाओरडा करू नका. पुस्तकातल्या तिकीटवाल्या काकूंचंही दार असंच अडकलं होतं. त्या आधी खाली बसल्या आणि त्यांनी तीन मोठे श्वास घेतले."

मोठ्या बाई निमूटपणे फरशीवर बसल्या. तीन श्वास घेऊन झाले.

"बरं, मग पुढं काय केलं त्यांनी?"

"काय माहीत! तिथंच तर तुम्ही पुस्तक काढून घेतलंत. तुमच्याच कपाटात आहे, बघा ना. आणि बाई, जरा मोठ्यानं वाचा, आमचा अख्खा वर्ग इथं दाराशी बसलाय."